श्रद्धा आणि श्रवण : खुणांच्या भाषेविषयीच्या काही गैरसमजांचा इतिहास

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायातील सतरावे वचन आपणा धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना तोंडपाठ असते. श्रद्धेचा उगम श्रवणात आहे, असा त्याचा आशय. प्रवचनकार्याची थोरवी सांगताना आपण ते हमखास पुढे करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु याच वचनावरून शतकानुशतके आणखी एक अनुमान काढले गेले : ज्याला ऐकू येत नाही, त्याला श्रद्धेचे दार बंद. कोणत्याही विश्वपरिषदेने असा सिद्धांत मांडलेला नाही. तरीही पाठ्यपुस्तकांतून, न्यायशास्त्रातून आणि लोकांच्या बोलण्यातून तो फिरत राहिला. बहिऱ्यांच्या खुणांच्या भाषेविषयी जे गैरसमज आजही आपल्यात आढळतात, त्यांतील कित्येकांची मुळे या अनुमानापर्यंत जाऊन पोहोचतात. काही गैरसमज आपल्याच घरात वाढले आणि त्यांतील काहींना उत्तरही आपल्याच घरातून मिळाले. म्हणून हा इतिहास ख्रिस्तसभेच्या सेवकांनी जाणून घेण्याजोगा आहे.

प्रथम त्या वचनाकडेच पाहू. तेथे पौलाने योजलेला ग्रीक शब्द ‘अकोए’ असा आहे. त्याचा एक अर्थ ऐकण्याची क्रिया, आणि दुसरा अर्थ ऐकलेली गोष्ट, म्हणजे वार्ता, संदेश. सोळाव्या वचनात पौल यशया संदेष्ट्याच्या त्रेपन्नाव्या अध्यायाचा आरंभ उद्धृत करतो. तेथे हाच शब्द आहे आणि त्याचा अर्थ निःसंशय ‘आम्ही दिलेली वार्ता’ असाच आहे. म्हणजे पौलाचा भर कानावर नाही, कोणीतरी पाठवलेला असण्यावर आणि त्याने वार्ता पोचवण्यावर आहे. अठराव्या वचनात तर तो स्वतःच विचारतो की, त्यांनी ऐकले नाही काय? आणि उत्तरादाखल एकोणिसाव्या स्तोत्राचा आधार घेतो. ते स्तोत्र आकाशाच्या घोषणेचे आहे. त्या घोषणेला शब्द नाहीत, वाणी नाही आणि तिचा ध्वनी ऐकू येत नाही, असे स्तोत्रकाराने तेथेच सांगून ठेवले आहे. ज्या वचनाने बहिऱ्यांना बाहेर ठेवले असे मानले गेले, त्याच्या शेजारच्याच वचनात पौलाने निःशब्द घोषणेची साक्ष काढली आहे. माझ्या मते आपल्या भाष्यकारांनी याकडे जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिलेले नाही.

या अनुमानाचे पितृत्व सामान्यतः संत ऑगस्टीन यांच्याकडे दिले जाते. ज्युलियनच्या खंडनार्थ इ. स. ४२१ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी जन्मतः येणाऱ्या बहिरेपणाचा उल्लेख केला आहे आणि हे व्यंग श्रद्धेलाही अडथळा करते, असे पौलाच्या या वचनाच्या आधारे म्हटले आहे. मात्र तेथे त्यांचा विषय मूळपापाचा होता. निष्पाप बालकांना व्यंगे का भोगावी लागतात, या वादाच्या ओघात ते वाक्य आले. बहिऱ्यांचे तारण होऊ शकते की नाही, याचा निवाडा देण्यासाठी ते लिहिलेले नव्हते.

याच ऑगस्टीन यांनी तीस-पस्तीस वर्षे आधी काय लिहिले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आत्म्याच्या परिमाणाविषयीच्या आपल्या संवादग्रंथात ते इव्होदियस या मित्राला मिलान नगरातील एका तरुणाची आठवण करून देतात. तो देखणा होता, वागण्यात सुसंस्कृत होता, पण पूर्ण बहिरा व मुका होता. इतरांचे म्हणणे त्याला केवळ अंगविक्षेपांतून समजे आणि आपले मनोगतही तो तसेच कळवी. मग ऑगस्टीन एक कल्पना मांडतात. खुणांनीच बोलणाऱ्या आईबापांच्या पोटी एखादे मूल जन्मले व त्यांच्यातच वाढले, तर ते खुणांनीच बोलेल. आणि ते मूल वाणीने बोलले काय किंवा खुणांनी बोलले काय, दोन्ही क्रिया आत्म्याच्याच आहेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. गुरू या विषयावरील संवादातही बहिऱ्यांशी खुणांनी संभाषण होते, याचा दाखला ते आपला मुलगा अदेओदातुस याला देतात. उत्तरकाळाने ऑगस्टीन यांचे एक वाक्य उचलले आणि ही पाने उलटलीच नाहीत. थोर आचार्यांच्या वाट्याला हे पुष्कळदा येते.

याच्या जोडीला ॲरिस्टॉटल होता. जन्मतः बहिरे असलेले सर्व मुकेही असतात, एवढेच त्याने प्राण्यांविषयीच्या ग्रंथात नोंदवले होते. ‘मुका’ या अर्थाच्या त्याच्या शब्दाला पुढे ‘निर्बुद्ध’ असा अर्थ चिकटला. रोमन कायद्यातही जस्टिनियनच्या संहितेने जन्मतः मूक व बधिर असणाऱ्याला मृत्युपत्र करण्याचा अधिकार नाकारला. नंतर बहिरा झालेला व लिहिता येणारा माणूस मात्र तो अधिकार राखून होता. या दुसऱ्या कलमातच पुढच्या इतिहासाचे बीज आहे. लेखन आले की माणूस कायद्याच्या नजरेत माणूस होतो, असा त्याचा अर्थ होता.

सोळाव्या शतकात स्पेनमधील ओन्या येथील मठात पेद्रो पोन्से दे लेओन या बेनेदिक्तीन संन्याशाने वेलास्को या सरदार घराण्यातील बहिऱ्या मुलांना लिहायला, वाचायला आणि बोलायलाही शिकवले. ते १५८४ मध्ये निवर्तले. बेनेदिक्तीन मठांतून मौनाच्या वेळी वापरावयाच्या खुणांची परंपरा दहाव्या शतकापासून होती, हे त्यांना उपयोगी पडले असावे. पण येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. मठांतील खुणा म्हणजे भाकरी, मासा, ग्रंथ, मेणबत्ती अशा वस्तूंच्या याद्या होत्या. त्या वापरणारा संन्यासी मनात लॅटिनमध्ये किंवा स्वतःच्या बोलीतच विचार करीत असे. त्या कोणाची मातृभाषा नव्हत्या.

याच काळातील दुसरे साधन म्हणजे बोटांची वर्णमाला. मेल्चोर दे येब्रा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १५९३ मध्ये माद्रिद येथे निघाले. त्यात प्रत्येक अक्षरासाठी हाताची एक आकृती दिली आहे. वाचा गेलेल्या मरणासन्न माणसाला पापनिवेदन करता यावे, हा त्यामागील हेतू होता. पुढे १६२० मध्ये हुआन पाब्लो बोनेत याने बहिऱ्यांच्या शिक्षणावरील आपल्या पुस्तकात तशीच वर्णमाला छापली आणि ती युरोपभर गेली. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये, कारण आपल्याकडे करपल्लवी होतीच. हाताच्या ठरावीक मुद्रेने अक्षरांचा वर्ग दाखवायचा आणि मग बोटांच्या संख्येने त्या वर्गातील अक्षर, अशी ती युक्ती. बहिऱ्यांची भाषा म्हणजे अशी काहीतरी करपल्लवी असावी, असा आपल्यातील सुशिक्षितांचा समज असतो. तो बरोबर नाही. करपल्लवी वापरण्यासाठी आधी मराठी यावी लागते, कारण तिच्यातून उमटतात ती मराठीचीच अक्षरे. ज्या मुलाने एकही शब्द कधी ऐकलेला नाही, त्याला करपल्लवीचा काय उपयोग? बहिऱ्यांची भाषा अक्षरे जुळवून होत नाही. विशेषनामे किंवा नवे शब्द दाखवण्यापुरती ती बोटांची अक्षरे घेते, इतकेच.

आता आबे द लेपे यांच्याकडे वळू. शार्ल-मिशेल द लेपे (१७१२–१७८९) हे पॅरिसमधील धर्मगुरू. १७६० च्या सुमारास त्यांची दोन जुळ्या बहिऱ्या बहिणींशी गाठ पडली. व्हानें नावाचे एक धर्मगुरू त्यांना चित्रांच्या साहाय्याने धर्मशिक्षण देत असत, पण त्यांचे निधन झाले होते. या मुली धर्माविषयी अजाण राहूनच मरण पावतील, या विचाराने अस्वस्थ होऊन द लेपे यांनी त्यांना शिकवण्यास आरंभ केला. त्यातून त्यांच्या राहत्या घरी शाळा उभी राहिली. ती गरीब-श्रीमंत सर्वांना खुली होती, आणि शिकवणे उघड्यावर, पाहुण्यांसमोर चाले. म्हणजे बहिऱ्यांच्या आधुनिक शिक्षणाचा उगम एका धर्मगुरूच्या धर्मशिक्षणवर्गात आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पण याच गोष्टीतून एक मोठा गैरसमज निघाला. द लेपे यांनी खुणांची भाषा शोधून काढली, असे आपण अनेक चरित्रकोशांत वाचतो. वस्तुतः ते शिकवू लागले तेव्हा पॅरिसच्या बहिऱ्यांत ती भाषा बोलली जातच होती. द लेपे यांनी विद्यार्थ्यांच्याच खुणा घेतल्या आणि फ्रेंच व्याकरणातील लिंग, वचन, काळ, प्रत्यय दाखवण्यासाठी स्वतःच्या कृत्रिम खुणा त्यांना जोडल्या. त्यांच्या १७७६ च्या ग्रंथाच्या नावातच या ‘पद्धतशीर खुणा’ आल्या आहेत. ही जोडकामे बोजड होती आणि पुढे ती गळून पडली. टिकली ती बहिऱ्यांची आपली भाषा.

याचा साक्षीदार स्वतः एक बहिरा आहे. पिएर देलोझ हा पुस्तकबांधणीचे काम करणारा गरीब कारागीर. बालपणी देवीच्या रोगाने त्याचे कान गेले. आबे देशां या दुसऱ्या धर्मगुरूने खुणांविरुद्ध पुस्तक लिहिले, तेव्हा १७७९ मध्ये देलोझने त्याला छापील उत्तर दिले. पॅरिसमधील बहिरे कोणत्याही शाळेवाचून एकमेकांत सर्व विषयांवर बोलतात, आणि आपण स्वतः ही भाषा एका निरक्षर बहिऱ्या इटालियन माणसाकडून शिकलो, असे त्याने नमूद केले आहे. गंमत अशी की, तो द लेपे यांचा कैवार घेण्यासाठी लिहीत होता आणि ते करता करताच भाषा त्यांची निर्मिती नव्हे, हेही सांगून गेला. ज्यांच्याविषयी एवढा वाद चालला होता त्यांच्यापैकी एकाने लेखणी उचलली, ही त्या शतकातील विलक्षण घटना होय.

पॅरिसहून ही भाषा समुद्रापार गेली. थॉमस हॉपकिन्स गॅलोडेट या अमेरिकन धर्मोपदेशकाने लोराँ क्लेर या पॅरिसच्या शाळेतील बहिऱ्या शिक्षकाला सोबत नेले आणि १८१७ च्या एप्रिलमध्ये हार्टफर्ड येथे शाळा उघडली. तेथे क्लेरची फ्रेंच खूण आणि स्थानिक बहिऱ्यांच्या खुणा यांच्या मीलनातून अमेरिकेची खुणांची भाषा घडली. परिणाम असा की, अमेरिका व इंग्लंड यांची बोली एक, पण त्या देशांतील बहिरे परस्परांना सहज समजत नाहीत. अमेरिकन बहिऱ्याला फ्रेंच बहिरा जवळचा. बोटांची वर्णमालासुद्धा इंग्लंडात दोन हातांची, अमेरिकेत एका हाताची. जगातील सर्व बहिऱ्यांची भाषा एकच, हा समज याने पुरता खोटा ठरतो. तसेच खुणांची भाषा म्हणजे देशाच्या बोलीचेच हातांनी केलेले रूपांतर, हाही समज टिकत नाही.

यानंतरचा टप्पा क्लेशकारक आहे. १८८० च्या सप्टेंबरमध्ये बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली ती मिलान येथे, ज्या नगरातील बहिऱ्या तरुणाचा दाखला ऑगस्टीन यांनी दिला होता तेथेच. परिषदेला १६४ प्रतिनिधी होते, बहुतेक इटालियन व फ्रेंच. त्यांत स्वतः बहिरा असा एकच, अमेरिकेचा जेम्स डेनिसन. वाणीची पद्धत खुणांहून श्रेष्ठ आहे आणि तिलाच प्राधान्य द्यावे, असा ठराव १६० विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. अध्यक्ष होते धर्मगुरू जूल्यो तार्रा, मिलान येथील गरीब बहिऱ्यांच्या शाळेचे प्रमुख. एके काळी त्यांनी स्वतः खुणांनी शिकवले होते. त्यांचा आक्षेप धर्मशिक्षकाचा होता : खुणा कल्पनाशक्तीला व विकारांना चेतवतात, आध्यात्मिक गोष्टींना जड रूप देतात, केवळ उच्चारलेला शब्दच मनाला शुद्ध विचारापर्यंत नेतो. द लेपे यांनी ज्या कारणासाठी खुणा हाती घेतल्या, त्याच कारणासाठी तार्रा यांनी त्या खाली ठेवायला लावल्या. तार्रा यांच्या सद्हेतूविषयी मला शंका नाही, पण सद्हेतूचा हिशेब तेथेच संपत नाही. युरोपभर वर्गांतून खुणा हद्दपार झाल्या, बहिऱ्या शिक्षकांची नोकरी गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांचा वेळ न ऐकू येणारे ध्वनी उच्चारण्याच्या तालमीत खर्ची पडला. २०१० मध्ये व्हँकूव्हर येथे भरलेल्या याच परंपरेतील परिषदेने मिलानचे ते ठराव फेटाळले आणि त्यांच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. मध्ये १३० वर्षे गेली होती.

ओठ वाचून सर्व समजते, ही मिलानची भिस्त होती आणि आजही आपण तीच बाळगतो. धर्मशिक्षकाने आरशासमोर उभे राहून ‘पाप’, ‘बाप’ आणि ‘माप’ हे तीन शब्द आवाज न काढता उच्चारून पाहावेत. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात व उघडतात. आकाशातील बापाविषयी आपण बोलत असताना समोरचे बालक कदाचित पापाविषयी ऐकल्यासारखे समजत असेल! क, ख, ग तर घशाकडेच राहतात, ओठांवर येतच नाहीत. ज्याला मराठी आधीच येते तो संदर्भाने उरलेले भरून काढतो. ज्याला ती याच मार्गाने शिकायची आहे, त्याने काय करावे? ‘मूकबधिर’ हा आपला जुना शब्दही याच गोंधळातला. बहुतेकांच्या कंठात काही दोष नसतो. ऐकू न आल्याने बोलणे उमटत नाही, एवढेच. आज कर्णरोपणाची शस्त्रक्रिया उपलब्ध आहे आणि कित्येकांना तिचा लाभ होतो. परंतु मुलाला पहिल्या वर्षांत पूर्णपणे कळणारी एखादी भाषा मिळाली पाहिजे, ही गरज तिने संपत नाही. खुणा शिकल्याने बोलणे मागे पडते, ही भीती मात्र निराधार आहे. एक भाषा नीट आलेल्या मुलाला दुसरी शिकणे सोपे जाते, हा अनुभव सीमाभागातील वाचकांना नव्याने सांगायला नको.

खुणा म्हणजे भाषाच नव्हेत, नुसते हावभाव होत, या समजाला शास्त्रीय उत्तर मिळाले ते १९६० मध्ये. विल्यम स्टोकी हे वॉशिंग्टन येथील गॅलोडेट महाविद्यालयात १९५५ मध्ये इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून आले. विद्यार्थ्यांच्या खुणा निरखताना त्यांच्या ध्यानात आले की, प्रत्येक खूण अखंड चित्र नसून हाताचा आकार, खुणेचे स्थान आणि हालचाल अशा घटकांनी बनते. त्यांतील एक घटक बदलला की अर्थ बदलतो, जसा ‘पाप’मधील एका वर्णाने ‘बाप’ होतो. १९६५ मध्ये त्यांनी डोरोथी कॅस्टरलाइन व कार्ल क्रोनेबर्ग या दोन बहिऱ्या सहकाऱ्यांसह शब्दकोश काढला. आरंभी त्यांची थट्टाच झाली. पुढे मेंदूच्या अभ्यासकांनी असे बहिरे रुग्ण तपासले, ज्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूस इजा झाली होती. त्यांची खुणांची भाषा कोलमडली होती, पण साधा मूकाभिनय त्यांना जमत होता. म्हणजे मेंदूलाच या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे स्पष्ट झाले.

आपल्या देशाकडे येऊ. मुंबईत बहिऱ्यांसाठी पहिली शाळा निघाली ती १८८० च्या दशकात, येशूसंघीय बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने. तामिळ प्रांतात पाळयंकोट्टै येथे फ्लॉरेन्स स्वेनसन या मिशनरी बाईंनी १८९० च्या दशकात हे कार्य हाती घेतले. या कार्यात ख्रिस्ती माणसे आघाडीवर होती, ही समाधानाची गोष्ट. पण मिलाननंतरचे वारे इथेही वाहत होते. आपल्याकडील बहुतेक शाळांतून वर्गात ओठांचे राज्य आणि वसतिगृहात, खेळाच्या मैदानावर हातांचे, अशी वाटणी झाली. भाषा जिवंत राहिली ती मुलांनी मुलांना दिली म्हणून. बहुसंख्य बहिरी मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी येतात. त्यामुळे घरी मिळणारी ही भाषा नव्हे, शाळेच्या ओसरीवर मिळणारी आहे.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड व कर्क विल्सन यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर येथील बहिऱ्यांच्या खुणा गोळा केल्या. शब्दांत भेद आढळले, पण सर्वत्र नाते दिसले. पुढे उल्रिके त्सेशान या विदुषीने कराची व दिल्ली येथील खुणांचे व्याकरण मूलतः एकच असल्याचे दाखवून दिले. हे व्याकरण हिंदीचे नाही, उर्दूचे नाही आणि मराठीचेही नाही. प्रश्नार्थक खूण वाक्याच्या अखेरीस येते, नकाराची खूणही अखेरीस. भुवया व मान यांच्या हालचाली वाक्याचा प्रकार ठरवतात. चेहऱ्यावरचे ते भाव पाहून ‘किती भावुक माणसे!’ असे आपण म्हणतो, पण ते व्याकरण असते. बेळगावात एका शाळेत वाढलेल्या मराठी घरच्या व कानडी घरच्या दोन बहिऱ्या मुलांची भाषा एकच असते, हे आपल्या सीमावादात कोणाच्या फारसे ध्यानी आलेले नाही. दिल्लीला २०१५ मध्ये या भाषेसाठी स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार नोंदी झाल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही खुणांच्या भाषेचा संपर्कसाधनांत समावेश आहे.

उरतो तार्रा यांचा आक्षेप : खुणांनी अमूर्त गोष्टी सांगता येतात काय? पुष्कळ देशांतील बहिरे ‘येशू’ हे नाव दोन्ही तळहातांवर आळीपाळीने मधले बोट टेकवून घेतात. खिळ्यांच्या खुणा दाखवणारे ते नाव आहे. हे जड रूप म्हणावे, तर आपल्या वेदीवरील क्रूसही जडच आहे. आणि मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभूने बहिऱ्या माणसाला बाजूला घेऊन आधी बोटे कानांत घातली, जिभेला स्पर्श केला, वर पाहिले, आणि मगच शब्द उच्चारला. तो शब्द त्या माणसाला ऐकू येणार नव्हता. आधीच्या खुणा मात्र त्याला समजल्या असणार.

ख्रिस्तसभेने १९६५ मध्ये उपासनाविधीत बहिऱ्यांसाठी खुणांची भाषा वापरण्यास परवानगी दिली. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार विवाहसंमती बोलता न येणाऱ्याने समतुल्य खुणांनी द्यावी (कलम ११०४), पापनिवेदन दुभाष्यामार्फत करता येते (कलम ९९०), आणि त्या दुभाष्यावरही गुप्ततेचे बंधन असते (कलम ९८३). तथापि आपल्या लहानशा गावात आपली पापे ओळखीच्या तिसऱ्या माणसासमोर मांडणे किती जणांना साधेल, याचा विचार आपण केला पाहिजे. १९१७ च्या संहितेत शारीरिक व्यंगामुळे गुरुदीक्षेस येणारी अनर्हता १९८३ च्या संहितेत उरलेली नाही. २०२४ च्या मे महिन्यात केरळात त्रिशूर येथे होली क्रॉस संघाचे जोसेफ तेर्माडम यांना गुरुदीक्षा मिळाली. ते भारतातील पहिले बहिरे धर्मगुरू होत, आणि त्यांच्यापुढे पापनिवेदनाला येणाऱ्या बहिऱ्या भाविकाला दुभाषा लागत नाही.